न आलेल्या वादळाचा हिशेब

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आणि पुढे आपल्या मुलांनाही सांगितली. खोटं बोलू नये, नाहीतर खरं बोललं तरी कोणी विश्वास ठेवत नाही, हे तिचं तात्पर्य. पण समुद्राच्या जवळ राहायला आल्यापासून मला वाटतं, ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. समजा, त्या मुलाने थट्टा केलीच नव्हती. झाडीत खरोखरच काहीतरी हललेलं त्याला दिसलं, त्याने हाक मारली, गाव काठ्या घेऊन धावलं, आणि लांडगा आपल्याच मनाने दुसऱ्या रानात निघून गेला. मग तो मुलगा खोटा ठरला का? गावाची धावपळ फुकट गेली, असं म्हणायचं का?

वादळाच्या इशाऱ्याचं नेमकं असंच होतं. वादळ आलं तर सगळे म्हणतात, आधी का नाही सांगितलं? नाही आलं तर म्हणतात, उगाच घाबरवलं.

आम्ही इच्छापोरला राहतो. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. एकीकडे हिऱ्यांचे कारखाने, दुसरीकडे बंदराकडे आणि कंपन्यांकडे रात्रंदिवस जाणारे ट्रेलर. समुद्र घरातून दिसत नाही, पण लांबही नाही. आणि हा समुद्र साधा नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पाण्याच्या उंचीत जेवढा फरक पडतो, तेवढा आपल्या देशात दुसरीकडे कुठे पडत नाही. म्हणजे वादळ ओहोटीला आलं तर एक गोष्ट, भरतीला आलं तर दुसरीच. सुरतेच्या माणसाला पाण्याचं भय ठाऊक आहे, पण ते नदीचं. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर आला, तेव्हा कुणाच्या घरात पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं होतं, ते इथे अजून बोट दाखवून सांगतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या मात्र अशा खुणा भिंतीवर नाहीत.

२०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आमच्याकडे यायचं होतं. थंडीचे दिवस, आणि आकाश आषाढासारखं भरलेलं. ५ डिसेंबरच्या रात्री ते सुरतेच्या आसपास किनाऱ्याला लागेल, असा हवामान खात्याचा अंदाज होता. दोनच दिवसांपूर्वी पौर्णिमा झालेली, म्हणजे भरतीही मोठी. गुजरातेत निवडणुकीचे दिवस होते, पुढाऱ्यांच्या काही सभा रद्द झाल्या. तिकडे मुंबईत शाळा-कॉलेजांना सुट्टी दिली. आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं दोरीने बांधली, बाल्कनीतल्या कुंड्या आत आल्या, मेणबत्त्या संपल्या म्हणून दुकानदार सांगू लागला. मी दोन दिवसांचं पाणी उकळून, गाळून भरून ठेवलं, खाखऱ्याचे डबे भरले. रात्र पावसातच गेली. पण वादळ किनाऱ्याला लागण्याआधीच समुद्रावर गळून गेलं. थंड पाणी, कोरडी हवा, वरच्या थरात उलटे वारे, यांनी त्याचं बळ काढून घेतलं. आमच्या किनाऱ्याला लागला तो नुसता कमी दाबाचा पट्टा.

सकाळी जिन्यात बायका हसत होत्या. "एवढा गाजावाजा केला आणि आलं काय, तर सर्दी!"

हसण्यासारखं होतंच. पण त्याच ओखीची सुरुवात आठवून बघा. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळ ते एका दिवसात कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळ झालं. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार त्याआधीच समुद्रात गेलेले होते. कुणी आदल्या संध्याकाळी, कुणी कित्येक दिवस आधी. खोल समुद्रातल्या होडीवर मोबाइल लागत नाही. इशारा निघाला तेव्हा ज्यांना तो हवा होता, ते ऐकू येण्याच्या पलीकडे होते. शेकडो माणसं मेली किंवा परत आलीच नाहीत. तिरुवनंतपुरमजवळच्या पूंतुरा आणि विळिंजमच्या वाळूवर बायका दिवसेंदिवस समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. काहींचं नशीब बलवत्तर. वाऱ्याने ढकलत आणलेल्या ६८ बोटी आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या आणि त्यांवरची ९५२ माणसं वाचली. कोकणातल्या माणसांनी त्यांना खाऊपिऊ घातलं.

एकच वादळ. तिथे वादळ होतं आणि इशारा वेळेत पोचला नाही. इथे इशारा वेळेत पोचला आणि वादळ आलं नाही. या दोन किनाऱ्यांपैकी कुठल्या बाजूला जन्माला यायचं, असं त्या वाळूवरच्या बाईला विचारलं असतं, तर तिने काय सांगितलं असतं? 'उगाच घाबरवलं' हे वाक्य तिच्यासमोर आपल्या तोंडून निघालं नसतं.

हा अंदाज बांधतात कसा, तेही समजून घ्यायला हवं, म्हणजे आपण कशावर रागावतो ते कळेल. समुद्रावर कोणी माणूस उभा नसतो. वरून उपग्रह थोड्या थोड्या वेळाने ढगांची चित्रं पाठवतो, समुद्रातले तरंगते बोये वारा आणि दाब मोजतात, किनाऱ्याजवळ आल्यावर रडारला ते दिसतं. हे सगळं गणितात घालून पुढचा मार्ग काढतात. नकाशावर तो मार्ग एका रेघेसारखा दिसत असला, तरी तिच्याभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा एक पट्टा असतो, सुपासारखा. वादळ या सुपात कुठेही असू शकतं, असा त्याचा अर्थ. गेल्या काही वर्षांत हे शास्त्र खूप सुधारलं आहे. तरी चोवीस तास आधीच्या अंदाजात सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फरक पडतोच. नकाशावर हे बोटाच्या पेरापेक्षा कमी. पण इच्छापोर ते वलसाड सरळ अंतर साधारण एवढंच आहे. म्हणजे उद्याच्या वादळाबद्दल आज कितीही नीट सांगितलं, तरी ते आमच्या दारात येईल की वलसाडच्या, हे त्या सुपातच राहतं.

मग जो नक्की सांगू शकत नाही, त्याने बोलावं का? मला इथे 'स्यात्' हा शब्द आठवतो. आपल्या घरांत तो लहानपणापासून कानावर पडलेला असतो. पुष्कळजण त्याचा अर्थ 'कदाचित' असा घेतात आणि म्हणतात, जैनांना नक्की काहीच बोलता येत नाही. तसं ते नाही. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेने'. मी कुठे उभी आहे, कुठून बघते आहे, ते सांगून केलेलं विधान. हवामान खात्याचं म्हणणंही असंच असतं. आज या वेळेला, हाती असलेल्या एवढ्या मोजमापांवरून, वादळ या दिशेने जाताना दिसतं आहे. सहा तासांनी मोजमापं बदलली की विधान बदलतं. दुसरं विधान आलं म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. पहिलं त्याच्या वेळेपुरतं खरंच होतं. खोटा ठरतो तो गोष्टीतला मुलगा, कारण लांडगा नाही हे त्याला माहीत होतं. ठाऊक असून लपवणं आणि जेवढं ठाऊक तेवढंच सांगणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

काळजी घेतली आणि काही झालं नाही, तर ती काळजी वाया गेली का, या प्रश्नाचं उत्तर तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. माझी आजी चुलीत घालण्याआधी प्रत्येक लाकूड जमिनीवर आपटून घ्यायची. आत एखादा जीव असला तर बाहेर पडावा म्हणून. दहांतल्या नऊ लाकडांतून काहीच निघायचं नाही. पण 'नऊ वेळा फुकट आपटलं' असं ती कधी म्हणाली नाही. आपणही धान्य निवडतो, पाणी गाळतो, रात्री उघडा दिवा ठेवत नाही. रोज काही सापडतं म्हणून नाही. याला आपण जयणा म्हणतो. जयणेची किंमत काय सापडलं यावर ठरत नाही. आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचा विचार करताना जीव गेला की नाही एवढंच बघितलं नाही. त्यांनी प्रमाद बघितला, म्हणजे बेफिकिरी. बेफिकीर माणसाच्या हातून योगायोगाने कोणी मेलं नाही, म्हणून तो निर्दोष होत नाही.

जयणा मोठ्या प्रमाणावर केली की काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. ९ जून १९९८ ला कांडल्याला वादळ आलं. समुद्राचं पाणी मिठागरांवरून, झोपड्यांवरून गेलं. हजाराहून अधिक माणसं गेली, त्यांत मिठागरांत राहणारे मजूर फार. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ओडिशाच्या महावादळात जवळजवळ दहा हजार. त्यानंतर निवारे बांधले, गावोगाव माणसं तयार केली, आणि २०१९ च्या मे महिन्यात ओडिशात फनी आलं तेव्हा बारा लाख माणसं आधीच हलवलेली होती. मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला. आमच्या गुजरातेत २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय आलं. नाव बांगलादेशाने दिलेलं, आणि नीट बघितलं तर तो आपलाच 'विपर्यय' आहे. ६ जूनपासून ते समुद्रावर रेंगाळत होतं. ओमानला जाईल की पाकिस्तानला की गुजरातेत, काही दिवस ठरेना. १५ जूनच्या संध्याकाळी ते कच्छमधल्या जखौजवळ जमिनीवर आलं. तोपर्यंत लाखावर माणसं सुरक्षित जागी गेली होती. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटली. दिवस भरत आलेल्या अकराशेहून अधिक बायकांना आधीच दवाखान्यांजवळ आणून ठेवलं होतं, आणि त्या दिवसांत सातशेवर बाळं सुखरूप जन्मली. मेलेल्यांचा हिशेब सगळे ठेवतात. वाचलेल्यांचा असा हिशेब क्वचितच होतो.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. सावध करावं, सावध व्हावं, काही झालं नाही तर हसून सोडून द्यावं. पण ओखीनंतर आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बेनने एक वाक्य म्हटलं, ते माझ्या मनातून गेलेलं नाही. ती समुद्राकडच्या एका गावातून येते. आदल्या दिवशी तिने विचारलं होतं, "भाभी, तमारा टीव्हीमां शुं के छे, आवशे के नई?" दुसऱ्या दिवशी तिच्या फळीतल्या लोकांना शाळेत नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती कामाला आली आणि भांडी घासता घासता म्हणाली, "आव्युं तो नई, ने मारा बे दाडा गया." वादळ काही आलं नाही, माझे दोन दिवस मात्र गेले. पाच घरांपैकी दोन घरांनी खाडा धरून पैसे कापले होते. नवऱ्याची मजुरी बुडाली होती. शाळेत असताना घरातल्या दोन कोंबड्या कोणी नेल्या, ते वेगळंच.

माझी आजी लाकूड आपटत होती ते स्वतःच्या हाताने. तिचा वेळ, तिचे कष्ट. वादळाच्या वेळी मात्र काळजी घ्या असं सांगतो एक, आणि काळजीची किंमत मोजतो दुसरा. मी पक्क्या इमारतीत राहते. मला इशारा पडला चार मेणबत्त्यांना. बंदरावर बावटा चढला की मच्छीमाराची होडी किनाऱ्याला, आणि होडी किनाऱ्याला म्हणजे चूल थंड. मिठागरातल्या मजुराला रोजावर पैसे. तेव्हा 'वादळ आलं नाही, देवाची कृपा' हे माझं वाक्य आणि 'माझे दोन दिवस गेले' हे तिचं वाक्य, दोन्ही एकाच सकाळची आणि दोन्ही खरी. पुढच्या वेळी ती शाळेत जायला कुरकुरली तर आपण तिला अडाणी म्हणणार. अडाणी ती नाही. एकदा सावधगिरीची किंमत तिने एकटीने भरली आहे, आणि ती तिच्या लक्षात आहे.

म्हणून मला असं वाटतं की इशारा हे नुसतं ज्ञान नाही, ते एक मागणं आहे. उठ, घर सोड, काम सोड, असं आपण कोणाला तरी सांगतो. मागितलं की देणं लागतो. पुढचा इशारा लोकांनी मानावा असं वाटत असेल, तर मागच्या न आलेल्या वादळाचा हिशेब आधी चुकता व्हायला हवा. तो सरकारने करावा, हे आहेच. पण आपल्या हातात जेवढं आहे तेवढं तरी आपण करू शकतो. प्रशासनाने ज्या दिवशी बाईला घराबाहेर काढलं, त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. हा उपकार नाही. तिच्या त्या दोन दिवसांवरच सगळ्यांची सावधगिरी उभी असते.

माणूस घर सोडत नाही त्याचं दुसरं कारण गोठ्यात असतं. बिपरजॉयच्या दिवशी भावनगर जिल्ह्यात एक बाप आणि मुलगा, पेशाने पशुपालक, पाण्यात अडकलेल्या शेळ्या वाचवायला उतरले आणि वाहून गेले. पुष्कळांना ते वेडेपण वाटलं असेल. मला नाही वाटत. ज्याने जनावराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याला 'तू ये, ते राहू दे' असं कसं सांगायचं? मग पोलिसांनी उचलून न्यावं का? जीव वाचवण्यासाठी जबरदस्ती करावी का, हा प्रश्न अवघड आहे. वेळ अगदी हातातून निघाली असेल, तर मी म्हणेन, न्यावं. पण पुष्कळदा जबरदस्तीची वेळ येते ती आधीचं काम झालेलं नसतं म्हणून. म्हशीला आधी जागा द्या, तिच्यामागून म्हातारी आपल्या पायांनी चालत येईल. आपल्या समाजाने गावोगावी पांजरपोळ उभ्या केल्या, म्हाताऱ्या आणि लंगड्या जनावरांसाठी. वादळाच्या चार दिवसांपुरता किनाऱ्यावरच्या गावांच्या गुराढोरांना त्यांत आसरा आणि चारा, अशी सोय आधीपासून ठरवून ठेवता येईल. पर्युषणातल्या जीवदयेच्या फंडातून यासाठी थोडं बाजूला काढता येईल. यात जीवदया होईल आणि माणसंही वाचतील.

आणखी एक गोष्ट जिभेची. वादळाच्या दिवसांत मोबाइलवर जे येतं ते बघवत नाही. कुठल्यातरी परदेशातल्या लाटांचा जुना व्हिडिओ 'आत्ताचं डुमस' म्हणून फिरतो. 'आज रात्री ठीक दोन वाजता' असे मेसेज येतात. ज्यांनी आयुष्यभर वारे मोजले ते 'ठीक दोन वाजता' म्हणत नाहीत. आपण मात्र बिनदिक्कत पुढे ढकलतो, तेही काळजीपोटी. भाषेचीही जयणा असते. जे तपासलं नाही ते पाठवू नये. आणि वादळ टळल्यावर 'नुसतं नाटक' असं बोलू नये, कारण तेही एक भाकीतच आहे. पुढच्या वेळीही काही होणार नाही, असं त्या हसण्यातून आपण कोणाला तरी सांगत असतो.

शेवटचा मुद्दा जरा बोचरा आहे. २०२० च्या जूनमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, निसर्ग वादळ निघालं. हरिहरेश्वर ते दमण यांच्या मध्ये कुठेतरी ते लागेल, असा अंदाज होता. आमच्या सुरत, नवसारी, वलसाडकडची हजारो माणसं हलवली. ३ तारखेच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. इकडे सगळे म्हणाले, वाचलो. त्याच वेळी श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरकडे सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या होत होत्या. सुपारीचं झाड फळ धरायलाच सहा-सात वर्षं घेतं. आजीने लावलेल्या वाडीवर नातीचं लग्न व्हायचं असतं. 'आमच्यावरून गेलं' हे आपण किती सहज म्हणतो! वाऱ्याला दिशा असते. आपल्यावरून गेलेलं पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या घरावर गेलेलं असतं. वादळ दुसरीकडे जावो, अशी प्रार्थना मला करवत नाही. ते समुद्रातच विरो, एवढंच मागता येतं. आणि नाही विरलं, तर ज्याच्या वाटेत असेल त्याला वेळेत कळो.

दरवर्षी मे-जून आणि मग पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्राचे वादळाचे दिवस. तेव्हा आपण मेणबत्त्या, औषधं, महत्त्वाच्या कागदांची पिशवी काढून ठेवतोच. त्याच दिवशी आणखी दोन कामं करावीत. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईचं घर कुठे आहे, पत्र्याचं की पक्कं, आणि वेळ आली तर ती कुठे जाणार, हे विचारून ठेवावं. शाळेत नेलं तर तिथे बायकांसाठी आडोसा, दिवा, पॅड, लहान मुलांसाठी दूध असेल का, याची चौकशी तलाट्याकडे चार बायकांनी मिळून करावी. एकटीला कोणी उत्तर देत नाही, चौघींना देतात. आणि तिला आधीच सांगून टाकावं की वादळ येवो न येवो, तुझे ते दिवस आमच्याकडे भरलेले धरू. ती मग टीव्हीत काय म्हणतात ते विचारायला थांबणार नाही. पोरांना घेऊन वेळेत निघेल.